इंचाला बेचाळीस धागे

"हे बघा," असं म्हणत हॉटेलच्या मॅनेजरनं एक पांढरा टॉवेल लाँड्रीतल्या टेबलावर टाकला. "तीन महिनेसुद्धा झाले नाहीत आणि लूप निघून लोंबायला लागले. आमची धुणारी बाई ब्लीच जास्त घालते. तुम्ही तसं लिहून द्या, म्हणजे तिला काढायला मला कारण मिळेल."

मॅनेजर हिंदीत बोलत होता. चनबसप्पा बिराजदारनं टॉवेल उचलला, बोटांत धरून उजेडाकडे केला आणि म्हणाला, "मला तासभर द्या."

धुणारी बाई मोठ्या मशीनपाशी उभी होती. तिला हिंदी फारशी कळत नसावी, पण सगळे आधी टॉवेलकडे आणि मग आपल्याकडे बघताहेत, एवढं तिला कळलं होतं. मॅनेजर वर गेला तरी ती जागची हलली नाही.

बेंगळुरूच्या त्या हॉटेलात चनबसप्पा पहाटेच्या विमानानं आला होता. चार दिवसांतलं हे तिसरं शहर. आधी लखनौ, मग गुवाहाटी, आता हे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रामहरीशेठचा टॉवेलचा कारखाना होता. चनबसप्पा तिथं एकोणिसाव्या वर्षी मैंदर्गीहून आला, मागावर उभा राहिला, पुढं माग दुरुस्त करणारा जॉबर झाला. बारा वर्षांपूर्वी एका हॉटेलची तक्रार आली, तेव्हा शेठनी त्याला पाठवलं. मागाचं यंत्र ज्याला कळतं, त्यालाच टॉवेल का बिघडला ते कळणार, असा त्यांचा हिशेब. तेव्हापासून महिन्यातले बारा-पंधरा दिवस तो विमानात नाहीतर हॉटेलात असायचा.

पहिल्या हॉटेलात दाराचं कार्ड भिंतीतल्या खाचेत घालायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. बटणं दाबून दिवा लागेना, तेव्हा खिडकीचा पडदा सारून त्यानं त्या उजेडात अंघोळ केली आणि कुणाला काही विचारलं नाही. पुढं सगळं अंगवळणी पडलं. कोणत्या विमानतळावर पायऱ्या किती, कुठं बॅग उघडायला लावतात, कुठल्या हॉटेलात सकाळी गरम काहीतरी मिळतं, हे कारखान्यातले साहेबलोक त्यालाच विचारायचे. विमानतळावर न्यायला आलेल्या माणसाच्या हातातल्या पाटीवर त्याचं नाव कधी 'चांद बस' असायचं, कधी नुसतं 'मिस्टर बस'. तो निमूट जाऊन त्या पाटीपुढं उभा राहायचा. पण ढगांच्या वर विमान गेलं, की इतक्या वर्षांनंतरही तो खिडकीला कपाळ टेकवून बसायचा. दानेश्वरीला, म्हणजे बायकोला, त्यानं एकदा सांगितलं होतं, "वर लई निवांत असतंय बघ. कुणी हाक मारत न्हाय."

त्याच निवांतपणात त्याची आई गेली. विमान हवेत होतं, फोन बंद होता. उतरून फोन लावला तर अकरा मिस्ड कॉल. तीन विमानं आणि एक एसटी बदलून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मैंदर्गीला पोचला. आईची माती होऊन गेली होती. भावानं विचारलं, "अण्णा, कुटं होतास?" 'वर होतो' हे उत्तर त्याला देता आलं नाही. त्यानंतर त्यानं काम सोडलं नाही, पण गावातल्या कुणी "चनबसप्पाचं काय बाबा, इमानातनं फिरतोय" असं म्हटलं, की तो विषय बदलायचा.

हॉटेलात गेलं की खोलीत सामान ठेवून आधी तळघरात, लाँड्रीत जायचं हा त्याचा नेम. टॉवेल वर सगळे सारखेच दिसतात, त्यांचा खरा हालहवाल खाली कळतो, असं तो म्हणे.

आता तो मशीनपाशी गेला आणि कन्नडमध्ये बोलला. "गाव कुटलं, अव्वा?"

बाई दचकली. "अफझलपूरकडचं."

"मी मैंदर्गीचा."

"मंग शेजारचंच की," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. तिचं नाव नागव्वा. नऊ वर्षं ती इथं धूत होती. नवरा नव्हता, मुलगी नर्सिंग शिकत होती.

"ब्लीच किती घालता?"

तिनं एक निळं टोपण दाखवलं. "हे भरून दोन. पैल्या दिवसापास्नं दोनच. तुमी मोजून बघा."

"बघतो. पन आदी टॉवेल मोजतो."

त्यानं लोंबणारा एक धागा ओढला. धागा ताणला, पिळला, दोन बोटांत चोळला. ब्लीचनं खाल्लेला धागा चोळला की भुगा होतो. हा धागा चांगला चिवट होता. मग त्यानं बॅगेतून धागे मोजायचं भिंग काढलं, टॉवेल टेबलावर सपाट केला आणि डोळा लावला. टॉवेलात लूप धरून ठेवतात ते आडवे धागे. कराराप्रमाणे ते इंचाला बेचाळीस हवे होते. छत्तीस निघाले.

त्यानं दुसरा टॉवेल घेतला. छत्तीस. मांडणीवरून पाच-सहा काढले, वेगवेगळ्या ठिकाणी मोजले. जूनच्या लॉटचे सगळे छत्तीस. त्याआधीच्या लॉटचे बेचाळीस.

त्यानं भिंग खाली ठेवलं. धागे असे आपोआप कमी होत नाहीत. मागाचं एक चाक काढून दुसरं बसवावं लागतं, आणि तेही कुणीतरी सांगितल्यावाचून होत नाही. जूनमध्ये तो जवळजवळ महिनाभर दौऱ्यावर होता.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत जाऊन त्यानं रामहरीशेठना फोन लावला.

"मालक, छत्तीस हायत."

 शेठ म्हणाले, "सूत किती महागलंय तुला माहितीये की. तेवढाच लॉट तसा काढलाय. तू ब्लीच म्हणून लिही आणि ये."

"बाईची नोकरी जातीया."

"कोण बाई?"

"धुनारी."

"ती तुझी कोण लागती, चनबसप्पा? त्या हॉटेलवाल्यांची अजून सहा हॉटेलं आहेत. ती ऑर्डर आली तर शेडमध्ये आठ माग वाढतील. आपल्याच माणसांना काम मिळेल की नाही? त्यांचा विचार कर."

हे खोटं नव्हतं. शेडमधली माणसं त्याच्या डोळ्यांपुढं आली. 

"माझी कोण न्हाय ती," तो म्हणाला. "पन मी मोजलंय, मालक. आता न मोजल्यासारखं कसं करू?"

शेठनी फोन ठेवला.

वर मॅनेजरच्या खोलीत त्यानं कागद मागून घेतला. त्याला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं हिंदीत लिहिलं: 'दोष विणाईत आहे. धुलाईत दोष नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

मॅनेजरनं कागद दोनदा वाचला. "तुमची नवी ऑर्डर याच्यावर अवलंबून आहे, हे माहीत आहे ना?"

"हो."

"आणि तुमच्या मालकांना?"

"त्यांनापण सांगितलं आहे."

मॅनेजरनं कागद फाइलमध्ये ठेवला. नवी ऑर्डर आली नाही. जुनी ऑर्डर राहिली, पण खराब लॉट कारखान्याला स्वतःच्या खर्चानं बदलून द्यावा लागला.

सोलापुरात शेठ त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेडमधल्या जॉबरनं जुनी चाकं परत बसवली, कुणी सांगितलं ते त्यानं सांगितलं नाही. आठवड्यानंतर शेठ मागांमधल्या वाटेनं चालत आले आणि यंत्रांच्या खडखडाटात त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आता तू इथंच थांब. बाहेरचं संस्कृती बघेल." संस्कृती त्यांची मुलगी, कापडातली इंजिनिअर. चनबसप्पानं मान हलवली. शिक्षा होती की काय होतं, त्याला नक्की कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सायकलवर डबा लावून सकाळी सातला शेडमध्ये येऊ लागला.

संस्कृती पहिल्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी शेडमध्ये आली. "काका, बेंगळुरूपण आहे या वेळी. मी काय काय बघू?"

चनबसप्पानं तिला बाहेर, जिथं बोललेलं ऐकू येईल तिथं नेलं. त्याचं बोलणं बराच वेळ चाललं. कुठल्या हॉटेलात टॉवेल फार तापवून वाळवतात, कुठं जिन्याखालच्या कपाटात फाटके लपवून ठेवतात. "आनि पोचल्या पोचल्या मॅनेजरकडं जाऊ नगं. आदी खाली जा. खालच्या मानसांना नाव विचार, मंग टॉवेल विचार."

ती मोबाइलमध्ये लिहून घेत होती. तिच्या वडलांनी तिला त्या कागदाबद्दल सांगितलं असावं, कारण तिनं मध्येच मान वर करून विचारलं, "तिथं कुणाला काही सांगायचंय, काका?"

"नागव्वा म्हनून बाई हाय. हाय का, एवढं बघ फकस्त."

चार दिवसांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ असताना त्याचा फोन थरथरला. तो शेडच्या बाहेर, सायकली लावतात तिथं आला. मागचं दार ओढून घेतलं तरी मागांचा आवाज येतच होता, म्हणून त्यानं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"काका, आहेत त्या," संस्कृती म्हणाली. "माझ्या शेजारीच उभ्या आहेत. त्यांना आता लाँड्रीचं सगळं बघायला दिलंय. मला कन्नड येत नाही, पण तुमचं नाव घेऊन काहीतरी विचारताहेत. बहुतेक, तुम्ही का आला नाहीत असं."

पलीकडून नागव्वाचा आवाज बारीक येत होता. नाव मात्र ती नीट घेत होती, अख्खं, चनबसप्पा.

"काय सांगू त्यांना?"

उन्हात सायकलींची सीटं तापली होती. एका सीटवर त्यानं हात टेकवला आणि पुन्हा उचलला.

"घरी हाय म्हनून सांग," तो म्हणाला.