सतरा नंबरचा पक्षी

पुंजाराम हवालदारानं पाय लांब केले, बुटाचे खिळे फरशीवर खरखरले, आणि कुंपणाच्या भिंतीवर आत्ताच येऊन बसलेला पक्षी उडाला.

दमयंतीनं डोळे मिटून घेतले.

“तुम्हाला मी हलू नका म्हटलं होतं.”

“मुंग्या आल्या पायाला, बाई. आठ दिस झाले मी ह्या पेरूखाली बसलोय. मानसानं किती बसावं?”

“तोच होता. सतरा नंबर.”

“व्हय? मंग बोलवा की परत.”

बोलवून येणारा असता, तर दोन महिन्यांत त्याचं नाव सापडलं नसतं का?

पंधरा दिवसांपूर्वी घराची झडती झाली होती. तिचे धाकटे दीर हेमचंद्र बेचाळीसच्या ऑगस्टात घरातून गेले, ते भूमिगत झाल्याचं सगळ्या नगराला माहीत होतं. कुठे आहेत, एवढं मात्र घरातही कुणाला माहीत नव्हतं. सात महिन्यांत एक चिठ्ठी नाही. झडतीत पोलिसांना त्यांचं काही मिळालं नाही. मिळाली ती दमयंतीची वही. ‘सकाळी ७.१०. एक आला. भिंतीवर बसला. चार मिनिटं. भिंगारकडे गेला.’ भिंगारला लष्कराची छावणी. साहेबांनी वही दोनदा वाचली म्हणे, आणि मग हुकूम काढला : वहीतली प्रत्येक नोंद पक्ष्याचीच आहे का, ते हवालदारानं जागेवर बसून डोळ्यांनी पाहावं. एक जरी नोंद खोटी निघाली, तर बाईंना चौकीवर आणावं. तिचे यजमान सुमंत कलेक्टर कचेरीत कारकून होते. बायको चौकीवर गेल्यावर त्यांची नोकरी किती दिवस राहिली असती?

अडतीस पक्ष्यांपुढे पुंजारामानं पेन्सिलीनं बरोबरची खूण केली होती. बुलबुल, शिंजीर, दयाळ, सगळे आले, बसले, पास झाले. राहिला होता सतरा. आणि आज शेवटचा दिवस होता.

“बाई, एक इचारू? बाकीच्या समद्यांना नाव हाय. ह्यालाच का न्हाई?”

“ओळख पटली नाही म्हणून.”

“लिवायचं काय बी. साळुंकी म्हना.”

“साळुंकी नाही तो.”

“सायबाला काय कळतंय? पर नाव नसलेला गडी आला, चार मिंटं बसला आन् छावनीकडं गेला, हे वाचून कुनाच्या बी पोटात गोळा यील का न्हाई, तुमीच सांगा.”

आतून सासूबाई चहाची कपबशी घेऊन आल्या. दुसऱ्या हातात दमयंतीसाठी दूध होतं.

“तू घे हे. स्वयंपाकाचं मी बघते. तू बैस इथेच.”

दमयंतीला याचाही वैताग आला. झडतीपूर्वी याच अंबिकाबाई म्हणत होत्या, “बी.एस्सी. झालीस ती चिमण्या मोजायला का?” झडतीनंतर मात्र त्यांनी तिला भाकरीच्या पिठाला हात लावू दिला नव्हता. परवा पुण्याहून तिच्या प्राध्यापकांनी पाठवलेलं पक्ष्यांचं जाड इंग्रजी पुस्तक पोस्टानं आलं, तेव्हा ते त्यांनी पदराखाली झाकून आत आणलं होतं. कशासाठी, हे विचारायलाही तिला सवड झाली नव्हती.

सव्वानऊला तो परत आला.

या खेपेस पुंजारामानं श्वाससुद्धा धरून ठेवला. पक्षी भिंतीवरून विहिरीजवळच्या दगडी डोणीवर उतरला. करडा, मळकट. छातीपासून पोटापर्यंत बारीक खवल्यांसारखी नक्षी. लांब, काळपट चोच. पाणी प्यायला, मान वर केली, पुन्हा प्यायला. दमयंतीनं पुस्तकाचं पान न बघताच उलटलं. चित्र निळ्या पक्ष्याचं होतं; म्हणूनच काल ती हे पान ओलांडून गेली होती. पण चित्राखाली बारीक टाइपात चार ओळी होत्या. तिनं त्या वाचल्या, पक्ष्याकडे पाहिलं, पुन्हा वाचल्या. मग पेन्सिल घेऊन सतराच्या पुढे लिहिलं : निळा कस्तुर, मादी.

पक्षी उडाला. पुंजारामानं वही ओढून घेतली आणि अक्षर लावत वाचलं.

“निळा? ह्यात निळं कुठं हाय?”

“नर निळा असतो. ही मादी आहे.”

“मंग नर कुठं हाय?”

“मला काय माहीत!”

“सायेब इचारनार की. बायको हितं, तर नवरा कुठं?” तो स्वतःच हसला. मग तिचं तोंड पाहून त्यानं आपल्या कागदावर हळूहळू लिहिलं : ‘सतरा नंबर. पक्षीच. पाणी पितांना पाहिला.’ वही त्यानं तिच्या हातात दिली. “ठेवा. सुटलात तुमी, आन् सुटलो मी.”

फाटक वाजलं. दमयंती पायरीवर बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं पाठ टेकली.

अंबिकाबाई बाहेर आल्या. रस्त्यावर दोन्हीकडे पाहून त्यांनी फाटकाला कडी घातली आणि सुनेशेजारी पायरीवर बसल्या. यापूर्वी त्या अशा कधी बसल्या नव्हत्या.

“गेला ना तो?”

“गेला.”

“शाबास तुझी. पोलिसाला आठ दिवस समोर बसवून घेतलंस, पण काही कळू दिलं नाहीस.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “आता कुणी नाही. यातला आमचा हेमू कोणता?”

दमयंतीनं त्यांच्याकडे पाहिलं. ‘आई, हे पक्षी आहेत’, हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. आठ दिवस ती दुसरं काही बोललीच नव्हती.

अंबिकाबाईंचा हात वहीवर होता. बंद वहीवरच त्या बोट फिरवत होत्या.

दमयंतीनं वही उघडली. सतरा नंबरचं पान काढलं.

“एकोणतीस जानेवारी,” तिनं वाचलं. “थंडी फार. अंग फुगवून उन्हात बसला होता. ठीक दिसला.”

“ठीक दिसला,” अंबिकाबाई म्हणाल्या.

“चार फेब्रुवारी. एकटाच. चाहूल लागताच निघून गेला.”

“जपून असतो म्हणजे. लहानपणी असा नव्हता हो. आणि आज?”

“आज सव्वानऊला आला. पाणी प्यायला.”

“आपल्या घरचं?”

“आपल्या डोणीतलं.”

अंबिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं म्हणाल्या, “आता?”

“मार्चअखेर उत्तरेकडे जाईल. थंडी सुरू झाली की परत त्याच जागी येतो.”

“दिवाळीच्या आधी, का नंतर?”

दमयंतीनं वहीत पाहिलं. मग मांडीवरच्या पुस्तकात पाहिलं. तिथे महिने दिले होते, तारखा नव्हत्या.

“आधी,” ती म्हणाली.