दिव्याखाली पास केलेला निळा

"आजी, यात नदीचा रंग कोणता होता?" मुलीने काळापांढरा फोटो छटाबाईंच्या हातात ठेवत विचारलं.

"वार सांग. सोमवारी लाल, मंगळवारी हिरवी. शुक्रवारी नुसती लोकर धुवायचे, त्या दिवशी पाणी दुधासारखं."

"वार नाही लिहिलेला."

"मग पुलावर बघ. बायकांनी कपडे वाळत टाकलेत ना? पांढरे आहेत?"

"आहेत."

"मग शुक्रवार. बाकीच्या दिवशी पांढरं धुवायची कुणाची छाती होती गं!"

मुलगी हसत हसत वहीत 'शुक्रवार' लिहू लागली. ती संग्रहालयातून यायची. पुढच्या महिन्यात गिरणीची अख्खी वस्ती पाडायची होती. रंगखातं, कामगारांच्या खोल्या, पूल, काही राहणार नव्हतं. तोवर जी काही माणसं उरली होती, त्यांच्याकडून होईल तेवढं टिपून घ्यायचं काम तिच्याकडे होतं. चार गल्ल्यांत मिळून अकरा माणसं उरली होती. छटाबाई त्यांतल्या एक.

सत्तावीस वर्षं त्यांनी रंगखात्यात छटा जुळवल्या. रंगवून आलेला ताका आणि नमुन्याचा तुकडा उत्तरेच्या खिडकीत शेजारी शेजारी धरायचा, दोन्ही एक दिसले की शिक्का मारायचा. एकट्या निळ्याचेच चाळीस प्रकार त्यांना तोंडपाठ होते. आता त्यांच्या नजरेच्या ऐन मधोमध एक करडा ठिपका येऊन बसला होता. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, कडेकडेने जग मात्र झिरपत यायचं. त्यामुळे चालताना त्यांना कधी कधी पडकी भिंत दिसायचीच नाही. तिथे जुनी शेड उभी असायची, दारातून वाफ बाहेर येत असायची, आणि ओल्या लोकरीचा वास गल्लीभर पसरलेला असायचा.

त्या दुपारी छटाबाई मुलीचा हात धरून रंगखात्यात शिरल्या. छप्पर कधीच गेलं होतं. हौदांमध्ये गवत उगवलं होतं आणि त्यावरून वारा जाताना हिरवं पाणी हलल्यासारखं वाटत होतं. छटाबाई खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी कट्टा चाचपला.

"इथे मी बसायचे. आणि इथे उंची."

"उंची म्हणजे?"

"माझी जोडीदारीण. ताडमाड होती, म्हणून उंची. नजर मात्र माझ्याहून तेज." त्या थांबल्या. "तुझं ते आवाज टिपायचं यंत्र चालू आहे?"

"चालू आहे. बंद करू?"

"नको. राहू दे." त्या कट्ट्यावर टेकल्या. "मला एक सांगायचंय. ह्या गिरणीच्या गोष्टीत ते यायला पाहिजे."

मुलीने यंत्र त्यांच्याजवळ कट्ट्यावर ठेवलं.

"छटा दिव्याखाली पास करायची नाही, असा इथला नियम. दिव्यात रंग फसवतो. संध्याकाळी आलेला माल सकाळच्या उजेडासाठी ठेवायचा. त्या दिवशी इस्पितळाच्या गणवेशांचा निळा आला, दिवेलागणीला. घरी माझी मुलगी तापाने फणफणलेली. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं. माल बघितल्याशिवाय मुकादम सोडेना. मी दिव्याखाली धरला, बरा वाटला, शिक्का मारला आणि धावत सुटले. घाईत खिळ्यावरून शिक्का घेतला तो उंचीचा."

"मग?"

"महिन्याभराने सगळा माल परत आला. उजेडात जांभळा दिसत होता. साहेबांनी ताका पसरला आणि विचारलं, हा शिक्का कुणाचा? मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. उंचीने वाकून शिक्का बघितला आणि म्हणाली, माझा. तिला वाटलं असणार, खरंच आपलीच चूक. दिवसाला शंभर ताके जायचे हाताखालून, कुणाला आठवतंय! तिला त्याच दिवशी काढलं. आठवड्याने ती गाव सोडून गेली. मी निरोप द्यायलासुद्धा गेले नाही." त्यांनी कट्ट्यावरून तळवा फिरवला. "एकतीस वर्षं झाली. तिच्या नावावरची ती चूक माझी आहे. तेवढं तुझ्या पुस्तकात घाल."

मुलीने पिशवीतून दुसरं यंत्र काढलं.

"आजी, मी दोन महिन्यांपूर्वी त्यांना, म्हणजे तुमच्या जोडीदारणीला, भेटले. भाचीकडे असतात. त्यांनी एक गोष्ट मला सांगितली, पण बजावलं होतं, ती आपणहून बोलली तरच तिला ऐकव. नाहीतर राहू दे."

बटण दाबल्यावर आधी खोकला ऐकू आला. मग तो आवाज, थोडा घोगरा, पण तोच.

"मी त्या दिवशी चारलाच घरी गेले होते हो. माल आला दिवेलागणीला. मी पास करीनच कशी? शिक्का बघितला आणि लगेच समजले. तिच्याकडे बघितलं तर ती पांढरीफटक. पदरात लहान पोर, नवरा नाही. मी काय, सडीफटिंग. कुठेही गेले असते. म्हटलं, जाऊ दे."

छटाबाई ऐकत होत्या. आवाज संपल्यावरही त्या ऐकतच होत्या. भिंतीवरून ऊन उतरून त्यांच्या पावलांपाशी आलं होतं.

"लबाड कुठली!" त्या एकदम म्हणाल्या. "सगळं माहीत होतं हिला! एक चिठ्ठी टाकायला काय झालं होतं? एकतीस वर्षं मला असं जळत ठेवलं!" मग त्यांचा आवाज खाली आला. "मी तरी कुठे टाकली म्हणा."

मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला.

"ऐकू येतं का तिला?"

"येतं. थोडं मोठ्याने बोलावं लागतं."

"माझ्याबद्दल विचारलं का काही?"

"विचारलं. मुलगी बरी झाली का, म्हणून."

छटाबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातलाच नाही. "लाव फोन," त्या म्हणाल्या.

"आत्ता? इथूनच?"

"आत्ताच. घरी गेले की माझं पुन्हा तोंड उघडणार नाही."

मुलीने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजत होती. छटाबाई कट्ट्याला हात टेकून हळूहळू उठल्या. कुणीतरी फोन उचलला, आधी खोकला आला, मग "कोण बोलतंय?" असं आलं, तेव्हा त्या गवतात पाय रोवून ताठ उभ्या होत्या.