डोहातून पांढरी आले

मित्रांनो, मी आष्टीच्या झुंबरबाईची एक जुनी म्हैस आहे. जुनी म्हणा; म्हातारी म्हणाल तर शिंग दाखवीन.

जालना जिल्हा वेगळा झाला, त्या साली मी जन्मले. आई काळी कुळकुळीत, बाप शेजारच्या कारभारीचा काळा रेडा, अन् मी मात्र पांढरी. डोळे इंगळासारखे लाल. गाव कोड म्हणेल, दूध कुणी घेणार नाही, या धास्तीनं झुंबरबाईनं तव्याची काजळी तेलात कालवून मला फासली. मग फासतच राहिली. गावाच्या लेखी मी काळी.

एका उन्हाळ्यात कातडी भाजली. दावं तोडून मी डोहात शिरले, बुडून बसले. दिवस मावळताना वर आले, तर काठावरच्या बायांच्या हातातली धुणी गळाली. काळी म्हैस आत गेली होती, पांढरी बाहेर आली. पाण्यावर काळा तवंग हळूहळू फिरत होता.

कारभारी दोरखंड अन् धोंडा घेऊन आला. “काकू, तुमची म्हैस डोहातल्या आसरांनी ठेवून घेतली. ही पाण्यातली हाये. परत बुडवू, न्हाई तं गावातलं लेकरू मागतील.”

माझ्या गळ्यात फास पडला. झुंबरबाईनं काळे तळहात पुढं केले.

“आसरांना कशाला बट्टा लावतो? काळं मी फासलं व्हतं.”

कुणाला पटेना. तिनं गुरांच्या डॉक्टरांना आणेपर्यंत गावकऱ्यांनी फास सोडू दिला नाही. डॉक्टर म्हणाले, काळा रंग तयार व्हायला अंगात एक प्रथिन लागतं. ते कसं घडवायचं, हे जनुकात लिहिलेलं असतं. तिथं एक अक्षर बदललं की प्रथिन अर्धवट राहतं, रंग धरत नाही. एकाच पालकाकडून ही चूक आली तर वासरू काळंच दिसतं; हिला दोघांकडून आली. कोड नाही, भूत नाही. उन्हात तेवढी बांधू नका.

फास निघाला. पुढं मला काळी पारडी झाली. गाव निवांत झालं. कारभारीनं ती मिरवत नेली, मोठी झाल्यावर आपल्याच जुन्या रेड्याच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, वंशातल्या रेड्याकडून भरवली. पण ती चूक काळ्या कातडीखाली गप बसून असते. वाट बघते.

काल तिन्हीसांजेला कारभारी आमच्या दारात आला. “काकू, तुमच्याकडून नेलेलीला पारडी झाली,” म्हणाला अन् थांबला. मला आता दिसत नाही, पण तव्याच्या काजळीचा वास मी ओळखला.

“आधी हात धू,” झुंबरबाई म्हणाली. “मंग तिला सावलीत बांध.”

मित्रांनो, तुमच्याही गोठ्यात कधीतरी दोन लाल डोळे उघडतील. तवा खरवडायला धावू नका. सावली करा. त्या डोळ्यांतून मीच बघत असेन.