धुता येईल असं कापड

"त्यांना शांतपणे जाऊ दे, ताई," धाकटा तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा ती कुणाच्या तरी सोफ्याचं जुनं कापड पकडीने खेचून काढत होती. खिळे गंजलेले होते आणि कापडाबरोबर लाकडाचे कपचेही सुटून येत होते. तिने मान वर केली नाही.

धाकटा तिचा भाऊ. नोकरी चांगली, घर चांगलं, आणि आवाज असा मऊ की समोरच्याला आपणच उगाच आरडाओरडा करतोय असं वाटावं. सकाळी तो तिच्याबरोबर डॉक्टरांकडे आला होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की म्हाताऱ्या बापाच्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलाय, बरा होणार नाही. केमो दिली तर कदाचित वर्षभर मिळेल, पण या वयात झेपेलच असं नाही, आणि उलट्या, जुलाब, अशक्तपणा हे ओघानेच येईल. नाही दिली तर काही महिने. "त्यांना स्वतःला काय हवंय?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बहीणभाऊ दोघंही भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसले, कारण म्हाताऱ्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

पैशाचा प्रश्न नव्हता, म्हाताऱ्याच्या बसकंपनीकडून औषधपाणी होत होतं. त्याला नेणार-आणणार कोण, उलटीचं भांडं धरणार कोण, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर दोघांनाही पाठ होतं.

म्हातारा जन्मभर बस चालवलेला आणि जन्मभर घरादारावर हॉर्न वाजवलेला. अख्खी गल्ली तिला सोफावाली ताई म्हणायची, पण बाप "ए" एवढंच म्हणायचा आणि तेवढ्यावर ती उठायची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने हिची शाळा सोडवली. आई गेल्यावर हिला पुन्हा शाळेत घालावं हे काही त्याला सुचलं नाही. जेवण आवडलं नाही की ताट भिंतीवर. आता तो दुकानामागच्या खोलीत राहायचा, दाराशी खुर्ची टाकून दिवसभर तिच्या कामात खोट काढायचा. शिवण तिरकी गेली, कोपरा फुगला, तुझ्या हाताला वळणच नाही. हे सगळं गिऱ्हाइकासमोर.

तेव्हा खरं सांगायचं तर त्याने लवकर जावं असं तिला मनापासून वाटत होतं. तीच गोष्ट धाकट्याच्या तोंडून इतकी सभ्य होऊन आली की तिला हायसं वाटलं. शांतपणे जाऊ दे. तिने पकड खाली ठेवली आणि "बरं" म्हणाली.

दोघं आत गेले. म्हातारा खुर्चीतच होता. धाकट्याने त्याच्यासमोर उकिडवं बसून सुरुवात केली, की डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, दुखणं आटोक्यात राहील, घरीच आरामात...

"कॅन्सर आहे ना? मग नाव घे की त्याचं," म्हातारा म्हणाला. "दार पातळ आहे आणि मी बहिरा नाही."

धाकट्याचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच राहिला. त्याने केमोचे हाल एकेक करून सांगितले. पुढे म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली, बाबा. सगळं पाहून झालं तुमचं."

"काय पाहून झालं? सांग."

धाकट्याने गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. म्हाताऱ्याने ते बाजूला सारलं. मग म्हणाला, "मला जगायचंय. कोणासाठी नाही, माझ्यासाठी. केमो घेणार मी."

हे दोघांच्याही हिशेबात नव्हतं. ज्याच्यावर कोणाचा जीव नाही त्याला स्वतःच्या जिवाचा एवढा सोस असेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"पण हाल तर ताईचे होणार," धाकटा म्हणाला. त्याची बायको दम्याची, त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, हे त्याने न विचारताच सांगितलं.

"हिला विचारूच नकोस. हिला मी मेलेलाच बरा."

"हो," ती म्हणाली.

इतकी वर्षं गिळलेला शब्द असा सहज बाहेर पडला याचं तिलाच नवल वाटलं. धाकटा "ताई, अगं" असं काहीतरी पुटपुटला. म्हातारा मात्र तिच्याकडे बघत होता, आणि बहुधा जन्मात पहिल्यांदा त्याने तिचं बोलणं मध्येच तोडलं नाही.

"हो, वाटतं मला तसं," ती म्हणाली. "रोज वाटतं."

"मग तू नको येऊस. मी रिक्षा करून जाईन." तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. कोणी हात धरायला जाऊ नये असा त्याचा चेहरा होता. दाराची चौकट धरून तो उभा राहिला.

खुर्ची रिकामी झाली. इतक्या वर्षांत त्याने कधी तिला त्या खुर्चीला हात लावू दिला नव्हता. बैठक मध्ये खड्ड्यासारखी खचली होती, शिवणी उसवून आतला काथ्या बाहेर आला होता. तिचा हात आपोआप पुढे गेला, तिने तळव्याने बैठक दाबून पाहिली, आणि दिवसातून दहा गिऱ्हाइकांना विचारायचा प्रश्न सवयीने तिच्या तोंडून निघून गेला.

"किती वर्षं टिकायला हवी?"

 धाकट्याने डोळे मिटून घेतले. बोललेलं आता परत घेता येत नव्हतं.

म्हाताऱ्याने गिऱ्हाइकासारखा विचार केला. "लोक किती सांगतात?"

"पाच. चांगला फोम घातला तर दहा."

"दहा," तो म्हणाला. "आणि कापड धुता येईल असं लाव. उलट्या होणार म्हणतो ना हा."

त्याच संध्याकाळी ती खुर्ची उलगडायला बसली. म्हातारा समोर स्टुलावर बसून खिळे कसे मारू नयेत ते सांगत होता. मऊ फोम स्वस्त होता आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीला तो पुरून उरला असता. तिने कडक, भारी फोम कापला आणि वरून गडद निळं रेक्झिन ताणून बसवलं. काही बोलली नाही, कारण त्याला विचारलं असतं तर त्यातही खोट निघाली असती.

केमोला तीच घेऊन गेली. माया वगैरे काही उफाळून आली नाही. तिने भांडं धरलं, रेक्झिन पुसलं, शिव्या खाल्ल्या आणि आता उलट उत्तरंही दिली. इस्पितळातल्या खुर्चीत नळी लावून घेताना तो नर्सवर खेकसला होता, की ही कसली बसायची खुर्ची, घरी याच्यापेक्षा शंभर पटीने चांगली आहे. घरची कोणी बनवली, ते काही त्याने सांगितलं नाही. ती शेजारीच उभी होती.

केमो निम्म्यावरच थांबवावी लागली, तरी डॉक्टरांना वाटलं होतं त्याहून थोडं जास्त तो जगला. शेवटच्या दिवशीसुद्धा शिवण तिरकी गेली म्हणाला.

खुर्ची दुकानात दाराशीच आहे. बैठक अजून सपाट आहे, तिथे कोणी बसलं होतं हे सांगूनही पटत नाही. परवा एक बाई ती दाबून बघत होत्या. म्हणाल्या, छान झालीये, विकायची आहे का.

"नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाची आहे."