बंडीतला कापूस

माझ्या थोरल्याने पन्नाशी उलटल्यावर माझ्या तोंडावर खोटं बोलावं, हे मला अजून पचलेलं नाही. धाकट्याचं काही वाटत नाही, तो बोलायला शिकला तोच थापा मारत. पण थोरला गिऱ्हाइकालाही आपणहून सांगतो, 'या गादीतला कापूस जुना पिंजलेला आहे, बघून घ्या.' अशाने दुकान चालतं का? तरी चालतं.

त्याला नाद एकच. कयाक म्हणतात ती, एका माणसापुरती चिंचोळी होडी. रविवार उजाडला की ती गाडीच्या टपावर बांधायची आणि नदी गाठायची. गळ टाकून बसतो, मासे आणतो, नाहीतर नुसताच उन्हाने रापून हसत येतो. एकदा मी काठावर जाऊन पाहिलं. दुकानात पोक काढून टाके घालणारा हा माणूस पाण्यात ताठ बसला होता आणि वल्ह्याचा आवाजही होऊ देत नव्हता. घरी आल्यावर मी अवाक्षर काढलं नाही. लेकराचं कौतुक तोंडावर केलं की ते शेफारतं, मग ते पन्नाशीचं का असेना.

गेल्या रविवारी तो ओलाचिंब परत आला. कपाळ फुटलेलं, पायात एकच बूट. पाण्याखालच्या फांदीत अडकून होडी उलटली म्हणाला. मी विचारलं, तरंगायची बंडी कुठे होती? तिची खांद्याची उसवलेली शिवण मी शनिवारीच घालून दिली होती. तर म्हणे, उकडत होतं म्हणून घातली नव्हती, पायाशी ठेवली होती, गेली वाहून.

मग काय, मी चार दिवस त्याची सालटी काढली. सुनेसमोर, गिऱ्हाइकांसमोर, जेवताना, झोपताना. होडी विकायची, असं ठणकावून सांगितलं. घेणारा शुक्रवारी यायचा ठरला. थोरल्याने खाली मान घालून 'बरं' म्हटलं. सून रडली, तो नाही.

शुक्रवारी सकाळी मी मागच्या खोलीत गेले. कापसाच्या गठ्ठ्यांच्या आड एक प्लास्टिकचं पोतं दिसलं. उचललं तर उचलेना. आत हात घातला तर गार, चिंब काहीतरी लागलं. बंडी होती. पाच दिवस झाले तरी पाणी गळत होतं. दोन्ही पट्टे मासे साफ करायच्या सुरीने कापलेले, आणि खांद्याशी माझ्या टाक्यांची गाठ.

त्या शनिवारी शिवण घालताना आतून फोम निघाला होता. फोमच्या गाद्यांनी आमचा अर्धा धंदा खाल्ला. या घरात फोमची उशी येत नाही, आणि माझा लेक छातीला फोम बांधून हिंडतो? मी तो उपसून फेकला आणि आपला उत्तम कापूस ठासून भरला. कोणाला सांगितलं नाही, त्यात सांगायचं काय? भिजलेली गादी दोघांना उचलत नाही, हे चाळीस वर्षं बघणारी बाई मी. पण हात चालत होते तेव्हा डोकं कुठे होतं, कोण जाणे.

म्हणजे तो बंडी घालूनच पाण्यात पडला होता. तीच त्याला खाली ओढत होती. पाण्याखाली सुरी काढून पट्टे कापले तेव्हा वर आला. आणि घरी येऊन म्हणाला, घातली नव्हती.

बाहेर घेणारा होडीला हात लावून बघत होता, थोरला टपावरचे दोर सोडत होता. मी बंडी फरफटत नेली. रस्त्यावर पाण्याचा ओघळ उमटला. सून दारात आली. तिच्याच समोर बोलणं भाग होतं. शिव्या तिच्यासमोर घातल्या होत्या.

"खोटारडा आहेस तू," मी थोरल्याला म्हटलं. "बंडी तू घातली होतीस. फोम काढून कापूस मी भरला. माझ्या हातून मरता मरता वाचलास, आणि वर माझ्याच शिव्या मुकाट खाल्ल्यास. माझी चूक माझ्या नावावर राहू दे, ती पोटात घालायला मी तुझी लेक नाही, आई आहे. होडी विकायची नाही. आजच्या आज नवी बंडी आण, फोमची. आणि ती उसवली तर माझ्याकडे शिवायला आणू नकोस."