सुओलाम्पीच्या शाळेचे धुराडे

मी एक जुने धुराडे आहे. माझ्याभोवती आता शाळा नाही, छप्पर नाही, नुसती बर्चची झाडे माजली आहेत.

मित्रांनो, मला आर्मास केट्टुनेन यांनी बांधले. ते सरकारी इमारतींचे वास्तुविशारद. टपाल कचेऱ्या, न्यायालये, इस्पितळे बांधत त्यांनी सारे फिनलंड पालथे घातले, पण जीव जडला तो सीमेवरच्या सुओलाम्पी गावातल्या या लाकडी शाळेवर. लहानपणी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची शाळा जळाली होती, आत धाकटी बहीण होती. म्हणून माझ्यातून एकही ठिणगी निसटू नये यासाठी माझी एकेक वीट त्यांनी स्वतः वाजवून घेतली. "ही शाळा सहजी पेटायची नाही," असे ते म्हणत, आणि मी फुशारून जाई.

मग युद्ध आले. तोफांनी चर्चचा मनोरा उडवला. तळ्याच्या बर्फावर फाटल्या पोटाचे घोडे किंचाळत पडले. माघार घेणाऱ्या आमच्याच सैन्याला हुकूम सुटला की, शत्रूला थंडीत एकही छप्पर मिळता कामा नये, सगळे जाळा. शाळा जाळायला आले ते गणवेशातले आर्मास.

रोज माझी भट्टी पेटवणारी हिल्मामावशी दारात आडवी उभी राहिली. "तुम्हीच? जाळायला दुसरा कुणी मेला नव्हता का?"

"दुसऱ्याला जमायचं नाही, मावशी. मीच तशी बांधलीय ना."

मावशी हटली आणि त्यांच्यामागोमाग आत आली. त्यांनी बाकांवर रॉकेल ओतले, काडी ओढली आणि दोघे बाहेर पडले. पण खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. आत नुसता धूर कोंडला, ज्वाळा गुदमरल्या. निघताना मावशीने सवयीने माझी झडप, म्हणजे धूर वर जायची वाट बंद करणारी लोखंडी पट्टी, लावली होती. निखारे विझले की झडप लावायची, ऊब घरात राहते. आमच्याकडे हे कुणाला शिकवावे लागत नाही.

"जळले मेले माझे हात!" म्हणत ती आत धावली. तेवढ्यात अंगणात तोफगोळा फुटला. आर्मासनी तिला बर्फात ढकलले आणि स्वतः आत शिरले.

खोकत, चाचपडत ते माझ्यापाशी आले. त्यांनी झडप उघडली. मी श्वास ओढला आणि आग गर्जत उसळली. तुळई कोसळली. त्यांची किंकाळी माझ्यातून वर गेली. बाहेर मावशी ओरडत होती, "आर्मास! ये रे पोरा, बाहेर ये!"

त्यांनी मला इतके चोख बांधले होते की, दारापर्यंत पोचण्याइतकाही वेळ मी त्यांना दिला नाही.

मित्रांनो, माझ्या भक्कमपणाचे कौतुक करू नका. तुमची शाळा सांभाळा. आणि जो ती बांधतो, त्याच्याच हातात काडी द्यावी लागेल, असे दिवस पुन्हा येऊ देऊ नका.