मातीची झारी

"मूठ आवळा, मावशी. आणखी घट्ट."

"आवळलीय. याहून घट्ट आवळायची तर तुझं नरडं दे."

सिस्टर यांती खो खो हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. तिसऱ्यांदा सुई आत गेली आणि तिसऱ्यांदा शीर निसटली. छातीबरोबर काखेतल्या गाठी काढल्या तेव्हापासून माझा डावा हात सुजून दुधीभोपळ्यासारखा झालाय, त्याला सुई लावायची नाही. उरला उजवा. सहा वेळा केमोचं औषध त्याच्याच शिरांतून गेलं. आता त्या शिरा सुई दिसली की लपून बसतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

"आता बऱ्या झालात ना तुम्ही? मग एवढं चिडायचं कशाला?" यांती म्हणाली.

बऱ्या झालात! हे ऐकलं की माझं टाळकंच सरकतं. बावीस वर्षं मी पाठीवर टोपली बांधून गल्लोगल्ली जामू विकला. हळद-चिंचेचा काढा, आल्याचा, बाळंतिणीचा. आता केमोनं बोटांची टोकं मेलीत. हळद किसताना बोट कापलं तर रक्त दिसल्यावर कळतं. आणि मी आजारी पडले तेव्हा, बावीस वर्षं माझ्या हातचा काढा ढोसलेल्या त्याच बायका कुजबुजल्या, "हिच्या काढ्यात दम असता तर हिलाच कसं झालं?" अशी मी बरी झालेय.

चौथ्यांदा शीर मिळाली. औषध गेलं, एवढंसं, चमचाभरसुद्धा नाही.

"आता तीन तास बाहेर बसा, पाणी पीत राहा. मग हाडांचे फोटो. आणि मावशी, उद्या सकाळपर्यंत कुठल्या गरोदर बाईजवळ किंवा तान्ह्या पोराजवळ जायचं नाही. तुमच्या अंगातून किरण येत राहतात."

"माहितीय गं बाई. तिसरी खेप आहे माझी."

माहीत होतं म्हणूनच तर चार दिवस तळपायाची आग मस्तकात गेली होती. आज दुपारी चार वाजता माझ्या वेनिंगचा, माझ्या एकुलत्या एक पोरीचा, सातव्या महिन्याचा सोहळा होता.

सोहळा खरं म्हणजे पुढच्या आठवड्यात होता. शुक्रवारी विहीणबाई केळ्यांचा घड घेऊन माझ्या दारात आल्या. कुस्तिनीबाई रिकाम्या हाताने आल्या तर गप्पा मारतात, घड आणला की काहीतरी वाईट सांगायचं असतं.

"पैनेमताई, तारीख बदलावी लागणार," त्या म्हणाल्या. "दनांगचा जन्म मी बुधवार पोन धरला होता. काल त्याची सुईण भेटली, म्हातारी अजून खुटखुटीत आहे. म्हणाली, अगं, तो मगरिबची बांग झाल्यावर झाला! म्हणजे गुरुवार वागे. सूर्य बुडाला की दिवस बदलला." आमच्याकडे नेहमीच्या वाराला पाच दिवसांच्या आठवड्यातलं पोन, वागे असं नाव जोडतात आणि आईबापांच्या जन्मवारांवरून सोहळ्याचा दिवस काढतात.

"एकोणतीस वर्षांत तुम्हाला स्वतःच्या पोराचा वार कळला नाही?"

"जन्मदाखल्यावर बुधवार आहे ना! दाखला लिहिणाऱ्याला दिवस कधी पालटतो ते काय ठाऊक? मीही बावळट, तोच बघून गणित मांडलं."

"मग आता कधी?"

"येत्या मंगळवारी. नंतरचा चांगला दिवस निघतो तोवर आठवा लागतो."

मंगळवार म्हणजे माझं स्कॅन, आणि त्या दिवशी पोटुशीजवळ फिरकायचं नाही हे मी त्यांना सांगितलं. मी त्यांच्यासमोरच हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडचा माणूस काहीतरी चघळत म्हणाला, पुढची तारीख पाच महिन्यांनी. पाच महिने! डॉक्टरांनी हाडांचं स्कॅन काही हौस म्हणून लिहिलं नव्हतं. दोन महिने माझी कंबर आतून ठणकत होती. वेनिंगला मी हे सांगितलं नव्हतं. पोटुशी पोरीला असलं काय सांगायचं?

"तुमच्या जागी मी उभी राहीन की," विहीणबाई म्हणाल्या. "पोरीच्या डोक्यावर शेवटचं पाणी घालीन, मातीची झारी फोडीन. तुम्ही निश्चिंत राहा."

"झारी पोरीच्या आईनं फोडायची असते."

"असते हो. पण अडलं नडलं तर..." त्यांनी आवाज खाली आणला. "मागच्या खेपेला वेनिंगचं पोर पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, ताई. तेव्हाच्या विधीलाही मी हाच चुकीचा वार धरला होता. माझ्या जिवाला काय वाटत असेल?"

झालं. आता भांडायचीही सोय राहिली नाही. मी त्यांचा घड ठेवून घेतला आणि त्या गेल्यावर एकही केळं खाल्लं नाही.

संध्याकाळी वेनिंगचा फोन आला. "आई, तू स्कॅनला जा. इथलं होईल सगळं."

"माझ्याशिवाय होईल?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? होईल म्हणालीस ना? होऊ दे."

ती रडायला लागली आणि मी फोन ठेवून दिला. तेवढी मी वाईट आहे.

तरी सात घरच्या सात विहिरींचं पाणी मीच गोळा केलं, एका हाताने, दोन दिवस खपून. झारीही मीच आणली, कुंभाराकडे दहा ठोकून बघून, बदबद न वाजणारी. काल दनांग येऊन सगळं घेऊन गेला. जावई भला आहे, खाली मान घालून गेला.

तीन तास मी बाकावर बसून पाणी पीत राहिले. मग त्या यंत्राखाली आडवी झाले. त्याची चपटी पाटी नाकापर्यंत खाली येते, श्वास घेतला तर तिला लागेल असं वाटतं. "हलू नका," फोटोवाला म्हणाला. कंबर अशी ठणकत होती की हलायचं सोडून दुसरं काही सुचत नव्हतं. मी मनात सात विहिरी मोजत पडून राहिले.

"झालं," तो म्हणाला. "निकाल दोन आठवड्यांनी."

"काय दिसलं?"

"ते डॉक्टर सांगतील."

"तुझ्यासमोर पडद्यावर माझीच हाडं आहेत ना? कंबरेत काय आहे ते सांग."

"मावशी, आम्हाला बोलायची परवानगी नाही." तो माझ्याकडे न बघता चादर बदलू लागला. मला वाटलं ती चादर त्याच्याच डोक्यावर टाकावी. माझी हाडं, माझी छाती, माझा हात. आणि परवानगी दुसऱ्याची!

परतीच्या बसमध्ये एक बाई तान्हं लेकरू घेऊन माझ्याशेजारी बसली. मी ताडकन उठले आणि पार मागे जाऊन उभी राहिले.

"का हो, आमचा वास येतो का?" ती ठसक्यात म्हणाली.

काय सांगणार? अंगातून किरण निघताहेत म्हटलं असतं तर सगळी बस रिकामी झाली असती. लोक बघत राहिले. मी दांडा धरून तासभर उभी होते.

घरीच जायचं ठरवलं होतं. अल्लाशपथ, घरीच जाणार होते. पण विहीणबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले. तिथेच फणसाचं झाड आहे, त्याखालून त्यांचं अंगण दिसतं. अंगणापर्यंतची पावलं नजरेने मोजली. चाळीस. तिथे थांबले.

अंगणात वेनिंग बसली होती. अंगाला ओलं लुगडं, खांद्यावर मोगऱ्याची जाळी. पोट चांगलं मोठं दिसत होतं. एकेक बाई माझ्या सात विहिरींचं पाणी तिच्या डोक्यावर ओतत होती. सहा झाल्या. सातवं पाणी विहीणबाईंनी माझ्या झारीतून घातलं आणि ती रिकामी झारी फोडायला हातात धरली.

"अगोबाई, पैनेम!" कुणीतरी ओरडलं. "तिकडे काय उभी? ये की आत!"

"मी इथेच बरी आहे."

"रुसलीस का गं? पोरीच्या सोहळ्यात कसलं रुसणं?"

वेनिंगने मान वळवली. मला पाहिलं आणि उठली. ओल्या पायांनी फाटकाबाहेर आली, हात पुढे करून, लहानपणी शाळेतून यायची तशी.

"तिथेच थांब!" मी ओरडले. "एक पाऊल पुढे टाकलंस तर याद राख!"

मी तिच्यावर जन्मात अशी ओरडले नव्हते. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बघा म्हणावं, काय बघायचं ते. वेनिंग जागच्या जागी थांबली. शहाणी आहे माझी पोर.

मग विहीणबाई तिच्या मागून बाहेर आल्या. झारी दोन्ही हातांत घेऊन गल्लीत चालत आल्या, वीस पावलांवर ती खाली ठेवली आणि कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"सूर्य बुडायला अर्धा तास आहे," त्या म्हणाल्या. "एकदा दिवस चुकवलाय मी, पुन्हा चुकवणार नाही. फोडायची तर लवकर फोडा."

त्यांनी वेनिंगला दंडाला धरून अंगणात मागे नेलं. मी पुढे गेले. झारी उचलली. बोटांना ती जाणवलीच नाही, धरलीय की नाही ते डोळ्यांनी बघावं लागलं. डाव्या हातात कळ गेली तरी ती डोक्यावर उचलली. तो चघळणारा माणूस, ती परवानगी, चार सुया, बऱ्या झालात म्हणणाऱ्या सगळ्यांची तोंडं माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी ती अशी आपटली की खापऱ्या गटारापर्यंत गेल्या.

"फुटली! फुटली!" बायका धावल्या. मी वाकून तोटी बाजूला सारली आणि त्या पोचायच्या आत मागे सरत झाडाखाली आले.

"तोटी शाबूत आहे, मुलगा!"

"कुठली शाबूत? टोक उडालंय बघ, मुलगी!"

त्यांचं भांडण जुंपलं. वेनिंग तोटीकडे बघत नव्हती. अंगणातून माझ्याकडे बघत होती.

"उद्या सकाळी येते," मी ओरडले.

"ये. तुझा वाटा झाकून ठेवते," ती ओरडली. मग म्हणाली, "आई, काय सांगितलं तिथे?"

"दोन आठवड्यांनी सांगणार आहेत. तू आत जा, ओली आहेस."

कोपऱ्यावर येऊन मी पिशवीतून बाटली काढली. पाणी पीत राहा, असं यांतीने बजावलं होतं. बाटलीचं पांढरं झाकण फिरवलं तर ते लाल झालं. खापरी कधी लागली ते कळलंच नव्हतं. बोट लुगड्याला पुसलं आणि बाटलीतलं सगळं पाणी तिथेच उभी राहून पिऊन टाकलं.